यंदा घर कोण बघणार?

"तुम्ही सगळे जाऊन या, मी घर बघते."

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं हे वाक्य दर मे महिन्यात ठरलेलं. मुलांच्या परीक्षा संपल्या, कुठं जायचं यावरून जेवणाच्या ताटावर खल सुरू झाला, की ताई पोळी वाढता वाढता हळूच हे वाक्य टाकून मोकळ्या व्हायच्या. दूधवाला येतो, कुंड्यांना पाणी कोण घालणार, मांजर व्यायलीय, कारणांना तोटा नव्हता. आणि खरं सांगते, आम्हालाही ते सोयीचंच होतं. घराला कुलूप लावून जायचा घोर नको, परत आल्यावर गरम पिठलं-भाकरी तयार. त्यामुळे "ताईंना प्रवासाची हौसच नाही" असं आम्ही सगळ्यांनी सोयीस्करपणे ठरवून टाकलं होतं.

खरं कारण घरातल्या फ्रिजमध्ये होतं. मधल्या कप्प्यात, लोण्याच्या वाटीशेजारी, एका छोट्या स्टीलच्या डब्यात. ताईंचं इन्सुलिन.

ताईंना इन्सुलिन सुरू होऊन बरीच वर्षं झाली. २०१९च्या मे महिन्यात आम्ही त्यांना आग्रहानं पचमढीला नेलं होतं. थर्माकोलचा डबा घेतला, त्यात बर्फ भरला, वर इन्सुलिनची बाटली ठेवली. आपण फार शहाणपणा केला असंच वाटत होतं. रात्रभर ती बाटली बर्फाला चिकटून राहिली आणि गोठली. सकाळी वितळलेली पाहून कुणाला शंकाही आली नाही. दोन दिवस ताई नेमानं इंजेक्शन घेत होत्या आणि साखर काही केल्या उतरत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांना घेरी आली, तेव्हा साखर चारशेच्या घरात. तिथल्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "हे बर्फात ठेवलं होतं का?"

आम्ही तिथूनच परत फिरलो. वाटेत कुणी काही बोललं नाही, पण ताईंनी स्वतःलाच दोष लावून घेतला. माझ्यामुळे मुलांची सहल बुडाली, हे त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. त्यानंतर "मी घर बघते".

म्हणून आज गाडीत ठेवायच्या फ्रिजविषयी लिहायचं ठरवलं. विषय ऐकून काही जणी म्हणतील, ही काय श्रीमंतांची थेरं! मलाही तसंच वाटायचं. गाडीत बसून थंडगार सरबत पिण्यासाठी एवढे पैसे कोण घालवणार? पण कुणाच्या घरी इन्सुलिन असतं, कुणाचं लहान बाळ असतं, कुणाला पथ्याचं ताजं दही-दूध लागतं. अशा वेळी ती चैन उरत नाही. आणि गरज म्हणून घ्यायचा, तर डोळसपणे घ्यायला हवा, कारण या बाजारात फसायला फार वाव आहे.

जीप आली, पण...

२०२४च्या सुरुवातीला भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी, चारही चाकांना ताकद जाणारी जीप घेतली. विदर्भातली जंगलं पाहायची, असा त्यांचा बेत. अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा करत मेळघाटात सेमाडोहला जायचं, तिथून अमरावती, नागपूर आणि पुढं साकोलीहून नागझिरा. आणि तेही ऐन मे महिन्यात! बाहेरच्यांना हे वेडेपणाचं वाटेल, पण आपल्याकडच्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात पानं गळून जंगल मोकळं होतं, नाले आटतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. जनावर दिसायचं तर हेच दिवस.

नागझिऱ्याचं नाव निघालं आणि ताईंचा पोळी लाटणारा हात थांबला. माडगूळकरांचं 'नागझिरा' हे पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. पानं सुटली आहेत, सुतळीनं बांधून ठेवलंय. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "जाऊन या तुम्ही. मी..."

"नाही ताई," मी म्हटलं, "या वेळी तुम्ही येणार. इन्सुलिनचं काय करायचं ते मी बघते."

बोलून तर गेले, आणि मग शोधाशोध सुरू झाली.

आधी शत्रू ओळखा

मी सुरुवात केली ती आमच्या औषधवाल्यांपासून. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली सहसा चारेक आठवडे बाहेर चालते, पण 'बाहेर' म्हणजे २५ ते ३० अंशांपर्यंत. प्रत्येक प्रकाराची मर्यादा थोडी वेगळी, म्हणून डब्यातला कागद वाचायचा आणि आपल्या डॉक्टरांना विचारायचं. दोन शत्रू सगळ्यात वाईट. एक म्हणजे ऊन, दुसरा म्हणजे गोठणं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून अगदी पहिल्यासारखं दिसलं, तरी ते टाकूनच द्यायचं.

आता आपला उन्हाळा बघा. मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढं होता. उन्हात उभी केलेली बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापते. म्हणजे पुढच्या खणात ठेवलेलं पेन साठेक अंशांत भाजून निघतं. पर्समध्ये ठेवावं तरी तेच. बर्फात ठेवावं तर पचमढीची गत. आगीतून फुफाट्यात, नाहीतर फुफाट्यातून बर्फात!

तीन डबे, तीन तऱ्हा

भाऊजींच्या मित्राकडे 'गाडीचा फ्रिज' होता. पुत्रच्या... नव्हे, नातवाच्या दुधासाठी त्यांनी घेतलेला. हलका, दिसायला गोजिरवाणा, सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसली की सुरू. मी तो दोन दिवस मागून आणला आणि आमच्या ओळखीच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला दाखवला. त्यानं एका हातानं उचलून पाहिला आणि हसला.

"ताई, हा फ्रिज नोहे. तुमाले थंड चालत्या गाडीत पाह्यजे का उभ्या गाडीत? आधी हे सांगा."

हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यानं मग सगळं उलगडून सांगितलं.

पहिली तऱ्हा ही अशा हलक्या डब्यांची. यांत कॉम्प्रेसर नसतो. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३४ साली शोधलं. त्याच तत्त्वावरची एक चकती या डब्यात असते आणि गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. किंमत कमी, आवाज कमी, बिघडायला फारसं काही नाही. पण गोम अशी की हा डबा भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच गार होतो. पुण्या-बंगळूरच्या २८ अंशांत आतमध्ये १० अंश मिळतील. आमच्या ४५ अंशांत? करा हिशेब. मी आत थर्मामीटर ठेवून जीप दुपारी अंगणात उभी केली. आत २७ अंश! दह्याचं ताक झालं असतं, इन्सुलिनचं काय सांगावं. शिवाय यातल्या बहुतेकांना गार झालं म्हणून थांबणं ठाऊकच नसतं. चार-पाच अँपिअर वीज ओढत तो अखंड चालू राहतो.

दुसरी तऱ्हा गॅसवर, विजेवर आणि गाडीच्या बॅटरीवर अशा तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजची. ज्योतीच्या उष्णतेवर गारवा करायची ही युक्ती १९२२ साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी काढली. परदेशात घरासारख्या मोठ्या गाड्यांत तो असतो. पण तो सपाट जागी लागतो, कलला की नीट चालत नाही, फार उकाड्यात दमतो, आणि धावत्या जीपमध्ये गॅसची ज्योत ठेवायची कल्पनाच नको. हा आपल्या कामाचा नाही.

तिसरी तऱ्हा कॉम्प्रेसरची. म्हणजे आपला घरचाच फ्रिज, फक्त लहान आणि १२ व्होल्टवर चालणारा. बाहेर ४५ अंश असोत, आत ४ म्हटलं की ४. चांगला असेल तर उणे १८ पर्यंतही जातो. घाटात गाडी कलली तरी चालतो. गार झाला की थांबतो, तापला की पुन्हा सुरू होतो. किंमत मात्र हलक्या डब्याच्या कितीतरी पट. भाव ऐकून मी आधी पदर सावरला.

दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर 'कार फ्रिज' असंच लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं? उचलून बघा. कॉम्प्रेसरवाला चांगला दहा-बारा किलोंचा भरतो. डब्यावर 'गरम आणि थंड' असं दोन्ही करणारं बटण असेल तर बहुधा तो चकतीवाला. आणि माहितीपत्रकात 'भोवतालच्या तापमानापेक्षा इतके अंश कमी' असं लिहिलं असेल, तर खात्रीच.

रात्रीचा प्रश्न

कॉम्प्रेसरवाला घ्यायचा हे ठरलं. तरी इलेक्ट्रिशियनदादांचा प्रश्न उरलाच होता. चालत्या गाडीत की उभ्या?

गाडी चालू असते तोवर काही चिंता नाही, इंजिन वीज पुरवतं. पण रात्री आपण झोपतो, इंजिन बंद होतं आणि फ्रिज मात्र जागा असतो. साधा हिशेब मांडला. कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. उकाड्यात तो निम्मा वेळ तरी चालतोच. रात्री नऊ ते सकाळी सात असे दहा तास धरले, तर पाच तासांचे २० अँपिअर-तास खर्च. जीपची बॅटरी सत्तरची. मग भीती कसली?

भीती अशी की गाडीची बॅटरी त्या कामासाठी बनवलेलीच नसते. आपल्या घरच्या इन्व्हर्टरचं उदाहरण घ्या. ती बॅटरी तासन् तास हळूहळू रिकामी होते, पुन्हा भरते. तिचा जन्मच त्यासाठी. गाडीच्या बॅटरीचं काम इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद जोराचा धक्का देणं. तिला रोज रात्री निम्मी रिकामी केली तर ती लवकर मान टाकते. जुनी असेल तर पहिल्याच सकाळी जंगलात गाडी सुरू होणार नाही. आम्ही घरी करून पाहिलं. उसना आणलेला कॉम्प्रेसर-फ्रिज रात्रभर जीपच्या बॅटरीवर चालवला. सकाळी बॅटरीवर १२.२ व्होल्ट, म्हणजे जवळपास निम्मी संपलेली. गाडी कण्हत कण्हत सुरू झाली.

यावर दोन उपाय. चांगल्या फ्रिजमध्ये बॅटरीच्या रक्षणाची सोय असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की फ्रिज आपणहून बंद होतो. बहुतेकांत कमी, मध्यम, जास्त अशा तीन पायऱ्या असतात. गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवायचा तर 'जास्त'वर ठेवायचा. गाडी सुरू होईल, पण पहाटे फ्रिज बंद पडलेला असू शकतो. म्हणजे गाडी वाचली, औषध गेलं.

दुसरा उपाय म्हणजे फक्त फ्रिजसाठी वेगळी बॅटरी. चालत्या गाडीत ती भरते आणि इंजिन बंद झालं की मूळ बॅटरीपासून आपोआप तुटते. म्हणजे फ्रिजनं ती पूर्ण रिकामी केली तरी सकाळी गाडी सुरू होणारच. यासाठी मध्ये एक छोटं यंत्र बसवतात. भाऊजींना आधी घरच्या इन्व्हर्टरचीच बॅटरी उचलून मागं ठेवायची होती. इलेक्ट्रिशियनदादा कळवळले. "तिच्यात आम्ल भरेल असते, भाऊ. मेळघाटच्या रस्त्यावर हिंदकळून सांडलं का मंग? अन् तिचा गॅस बंद गाडीत कुठं जाईल?" मग पूर्ण बंदिस्त, न सांडणारी बॅटरी घेतली. हल्ली लिथियमच्या हलक्या बॅटऱ्याही मिळतात. त्या महाग पडतात आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ ठेवायच्या नसतात.

वायरीचंही तसंच. सिगारेटच्या भोकाची वायर बारीक असते. लांबवर जाता जाता तिच्यात व्होल्टेज गळतं आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. खड्ड्यात ती खुंटीही सैल होते. म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज. हा खर्च आम्ही वाचवला नाही. तुम्हीही वाचवू नका.

मोठा की छोटा?

आता घरात मतदान सुरू झालं. मुलांना चाळीस लिटरचा हवा होता, आइस्क्रीम, आमरस, थंड पेयं, सगळं भरायला. भाऊजी त्यांच्याच पक्षात. ताई इतका वेळ गप्प होत्या. मग कागद-पेन्सिल घेऊन बसल्या आणि यादी केली. इन्सुलिनची पेनं, एक जादा पेन, दूध एक लिटर, दही, लोणी, लिंबं, कोथिंबीर. "बाकीचं गारच पाहिजे असं काय अडलंय?" त्या म्हणाल्या. आम्ही अठरा लिटरचा घेतला. मोठा फ्रिज मोठी बॅटरी मागतो, जागा अडवतो आणि भरून ठेवलेलं उचलायला दोन माणसं लागतात.

त्यांनी आणखी एक नियम केला. प्यायचं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी कुणी तरी झाकण उघडणार आणि उकाडा आत शिरणार. पाण्यासाठी माळ्यावरून सासऱ्यांच्या काळची कॅनव्हासची छागल काढली आणि जीपच्या आरशाला टांगली. कोरड्या वाऱ्यात छागलीचं पाणी असं गार होतं की मुलांनी दुसऱ्या दिवसापासून थंड बाटलीचं नावच काढलं नाही.

याच संदर्भात एक मजेची गोष्ट वाचनात आली. असे गाडीतले फ्रिज खऱ्या अर्थानं रुळले ते ऑस्ट्रेलियात. तिथली माणसं वाळवंटातून दिवसचे दिवस जीप हाकतात, वाटेत दुकान नाही की वस्ती नाही. पण फ्रिज येण्याआधी, १८९०च्या दशकात तिथल्या कूलगार्डी नावाच्या सोन्याच्या खाणीच्या गावात लोक काय करायचे? लाकडी चौकटीला गोणपाट लावायचे, ते पाण्यानं ओलं ठेवायचे आणि आत लोणी-मटण ठेवायचे. वारा लागला की आत गारवा! म्हणजे आपल्या माठाची बहीणच की. आणि आणखी एक. तिथल्या सिम्पसन वाळवंटातली राखीव क्षेत्रं भर उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, उकाड्यामुळे प्रवाशांना बंदच असतात. फ्रिज कितीही चांगला असला तरी उन्हाशी पैज लावायची नाही, हे त्यांनाही कळतं. म्हणून आम्हीही ठरवलं, दुपारी बारा ते चार गाडी चालवायची नाही.

माठाचं हे तत्त्व औषधालाही उपयोगी पडतं. पाण्यात भिजवून वापरायच्या खास थैल्या औषधाच्या दुकानात मागवता येतात. त्या फ्रिजइतक्या गार होत नाहीत, पण वापरातलं पेन त्यांत उन्हापासून वाचतं. ताईंच्या पर्समध्ये अशी एक थैली होती. फ्रिज बिघडला तर हा दुसरा आधार. मात्र हा गारवा कोरड्या हवेतला. कोकणातल्या दमट हवेत माठ जसा रुसतो, तशी थैलीही रुसते.

परीक्षा अंगणात

निघण्याआधी दोन दिवस आम्ही फ्रिजची अंगणातच परीक्षा घेतली. आदल्या रात्री घरच्या विजेवर तो रिकामाच गार केला, मग गार झालेल्याच वस्तू आत ठेवल्या. गरम दूध ठेवून त्याला कामाला लावायचं नाही. आत वायरवालं थर्मामीटर सोडलं, त्याचा आकडा बाहेरून दिसतो. फ्रिजवरचा आकडा एकाच जागेचा असतो. आमच्या फ्रिजवर ४ दिसत होतं तेव्हा तळाला, भिंतीलगत १ अंश होता. म्हणजे तिथं ठेवलेलं पेन गोठायला कितीसा वेळ? मग आकडा ५ वर नेला, पेनं नॅपकिनमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा वरच्या जाळीत, मधोमध ठेवला. पचमढीची चूक पुन्हा नको.

फ्रिजवर ताईंनी एक जुनी गोधडी दुमडून टाकली, पण बाजूच्या जाळ्या मोकळ्या सोडल्या. तिथून गरम हवा बाहेर पडते, तीच कोंडली तर कॉम्प्रेसर तापतो. अंथरुणं, पिशव्या यांच्यापासून वीतभर अंतर ठेवायचं. आणि फ्रिज पट्ट्यांनी गाडीच्या तळाला पक्का बांधायचा. घाटात करकचून ब्रेक लागला, की पंधरा-वीस किलोंचा डबा मागच्या माणसाच्या डोक्यात यायला वेळ लागत नाही.

आणि जंगलात...

तिसऱ्या दिवशी, सेमाडोहच्या वाटेवर ताई अचानक म्हणाल्या, "थांबा हो जरा." थर्मामीटर त्यांच्या मांडीवर असायचं. आकडा ११ झाला होता. भाऊजी म्हणत होते, काही नाही, चढ आहे, इंजिन तापलं असेल. ताईंनी ऐकलं नाही. गाडी थांबवून बघितलं तर फ्रिजच्या मागची खुंटी खड्ड्यांनी निसटली होती. लावली, वर चिकटपट्टी गुंडाळली. पाऊण तासात आकडा पुन्हा ५. थोडा वेळ ११ अंशांत राहिल्यानं इन्सुलिन वाया जात नाही. पण त्या थर्मामीटरकडे लक्ष नसतं तर संध्याकाळपर्यंत आकडा ४० झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

साकोलीच्या पुढं मुक्काम होता तिथं रात्री अकराला वीज गेली, ती सकाळपर्यंत आली नाही. पंखा बंद, डास, उकाडा. आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून पडलो. रात्रभर जीपमधून बारीक घरघर ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. एरवी त्या आवाजानं झोप उडाली असती. त्या रात्री तो थांबला, की मी जागी व्हायचे. सकाळी आत ६ अंश होते. भाऊजींनी चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात सुरू झाली.

ताईंनी साखर तपासली. एकशे बत्तीस. पेन काढलं, इंजेक्शन घेतलं, चहा-बिस्किटं खाल्ली, आणि सफारीच्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. मांडीवर सुतळीनं बांधलेलं ते पुस्तक.

खरेदीला निघालात तर

– आधी यादी करा. नक्की काय गार ठेवायचंय, किती अंशांत, किती तास. लिटर नंतर ठरवा.
– फक्त दिवसभराचा प्रवास आणि थोडी सावली असेल, तर चांगला बर्फाचा डबाही पुरतो. पण औषध बर्फाला टेकू द्यायचं नाही.
– ४० अंशांच्या वर औषध किंवा दूध सांभाळायचं तर कॉम्प्रेसरवालाच घ्या. चकतीवाला नको.
– झाकण वरून उघडणारा बरा. गार हवा जड असते, ती तळाशीच राहते. समोरून दार उघडलं की ती ओघळून जाते.
– घरच्या २३० व्होल्टवरही चालतो ना, बॅटरी-रक्षणाच्या पायऱ्या आहेत ना, हे दुकानात चालवूनच बघा.
– बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, जवळच्या शहरात सोय आहे का, कॉम्प्रेसरची हमी किती वर्षं, हे पावतीवर लिहून घ्या.
– वेगळी बॅटरी, वायर आणि बसवण्याची मजुरी हे फ्रिजच्या किमतीतच धरा. नाहीतर मागाहून जड जातं.
– दोन दिवस घरी चालवून पाहिल्याशिवाय औषध घेऊन निघू नका.
– इन्सुलिन एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं नाव पर्समध्ये असू द्या.

एवढं सगळं करायला आमचे पैसे गेले, हे खरं. पण पाच वर्षं एक माणूस घरात बसून होतं आणि आम्ही त्याला त्यांची आवड समजत होतो, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. घरोघरी अशी कुणीतरी असतेच. कुणाच्या सासूबाई, कुणाची नणंद, कुणाची आईच. "मी घर बघते" म्हणाली, की एकदा तरी विचारून बघा, का म्हणून.

परत आलो त्या दिवशी रात्री जेवताना मुलांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कुठं?" भाऊजींनी ताडोबा म्हटलं, कुणी पेंच म्हटलं. ताई पोळी वाढत होत्या. म्हणाल्या, "कुठं जायचं ते ठरेल सावकाश. यंदा घर कोण बघणार, ते आधी ठरवा."